आक्काच्या जटेला मेंदी

माझे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा मी तिशीही ओलांडली नव्हती. पहिला पांढरा केस सासूबाईंनी बघितला आणि अख्ख्या गल्लीला सांगितला. दुसरा मीच बघितला आणि कुणालाच सांगितला नाही. पुढे लपवायचं सोडून मी मेंदी लावायला घेतली, ती आजतागायत. तेलगावात माझं ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं दुकान आहे, पण बायका मला ओळखतात त्या मेंदीमुळे. रविवारी दुकान बंद असतं आणि मागच्या अंगणात माझी लोखंडी कढई मांडलेली असते. एकेक बाई येते, जुनं लुगडं खांद्यावर टाकून पाटावर बसते आणि डोकं माझ्या स्वाधीन करते. डोक्याबरोबर घरातली भांडणंही देते, पण ती मी तिथेच धुऊन टाकते.

फुशारकी मारते असं वाटेल. मारतेच. मेंदीच्या बाबतीत माझ्यापुढे कुणी शहाणपण करू नये. 'काळी मेंदी' म्हणून पाकिटात जे मिळतं त्यात मेंदीचं नावच असतं फक्त. त्यानं डोक्याची आग होते, कपाळावर काळी रेघ उमटते आणि महिना होत नाही तोच भांगातून पांढरं डोकावतं. खरी मेंदी पांढऱ्या केसाला आधी नारिंगी करते, मग दोन-तीन दिवसांत तो तांबूस, विटकरी होतो. चहाच्या कडक पाण्यात आवळापूड घालून लोखंडात भिजवली तर रंग जरा गडद उतरतो, इतकंच. एकदा एकीनं नाक मुरडून विचारलं, "काळे कावून न्हाई होत?" मी म्हटलं, "काळे पायजे आसतील त रस्त्याचं डांबर लाव." ती रागावून गेली आणि पुढच्या रविवारी परत आली.

ही मेंदी मला मिळते ती आक्काच्या शेतातून. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही गावात दुकानाकडे आलो, आणि मोठे दीर व आक्का तिकडे माळाजवळ वस्तीवर राहिले, मेंढरं, चार शेळ्या आणि कापसाचं रान सांभाळत. सासूबाईही त्यांच्याकडेच. शेताच्या बांधाला मेंदीचं दाट कुंपण आहे, कारण मेंदीला जनावर सहसा तोंड लावत नाही. आक्का तिचा पाला सावलीत वाळवून मला पोत्यानं धाडते. कांडपवाला आधी कुरकुरतो, मिरच्यांच्या मशीनमध्ये हिरवा भुगा नको म्हणतो, मग दळून देतो. माझ्या हातून गावातली इतकी डोकी रंगली आणि जिच्या पाल्यानं रंगली तिच्या डोक्याला मात्र मी कधी बोटही लावलं नव्हतं. लावता येत नव्हतं. आक्काला जट होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. केस विंचरायचे राहिले, एकमेकांत गुंतले, त्यावर तेल आणि धूळ बसत गेली की त्यांची घट्ट दोरी होते. ती झाली जट. पण हे माझं म्हणणं झालं. आमच्याकडे जट देवी देते. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, मंगळवारी-शुक्रवारी हळद-तेल चोळायचं आणि पदराखाली झाकून ठेवायची.

आक्काची जट तिच्या लेकीच्या वयाची. बाळंतपणानंतर आक्का तापानं अंथरुणाला खिळली होती. लेकरू जगवायचं की केस विंचरायचे, अशी गत. मी तेव्हा घरात नवीनच होते. ती उठून बसायला लागली तेव्हा सासूबाई मोठ्या मायेनं फणी घेऊन गेल्या, फणी अर्ध्यात अडकली आणि सासूबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "देवी आली," म्हणाल्या. दुपारपर्यंत हळद-कुंकू झालं, वस्तीवरच्या बाया पाया पडून गेल्या, आणि संध्याकाळी मी माझ्या कानांनी ऐकलं, सासूबाई आक्काला 'अहो' म्हणाल्या. सकाळपर्यंत 'अगं ए' होती ती. पुढे शुक्रवारी तिनं शेण काढायचं नाही असं ठरलं. तिच्या ताटात कमी पडलं तर सासूबाई स्वतः उठून वाढायला लागल्या. मी मनात म्हणायचे, देवीनं मलाही एखादी बट गुंतवून द्यावी.

वर्षं गेली. आक्काचे केस मुळाशी पांढरे होत गेले. तिची जट कमरेपर्यंत आली होती. शेंड्याला ती तरुणपणीची, काळी-तपकिरी, आणि खांद्यापासून वर पांढरी, हळदीनं पिवळट. पदर सरकला की कळायचं, एकाच दोरीत एका बाईची सगळी उमर.

लेकीचं लग्न ठरलं ते बीडला. मुलगा कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, त्यांचं घर कोर्टाच्या मागच्या बाजूला, माणसं चांगली. साखरपुड्याच्या दिवशी आक्का वाकून ताट मांडत होती आणि तिचा पदर घसरला. मुलाच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, जट बघितली. जेवणं झाल्यावर ती मला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेली. बाई बोलायला गोड होती. तिच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथं, काळी रेघ होती. पाकीटवाली, मी लगेच ओळखलं.

"इनबाई, येक विनंती हाय," ती म्हणाली. "कन्यादानाला तुमी दोघं बसा. चुलता-चुलती बसलेलं चालतंय."

"आन तिची आई?"

"तुमच्या जाऊबाई देवीच्या हायेत. देवीच्या बाईनं दान कसं करावं? आन पाण्याची धार त्यांच्या हातची पडली, तर ती जट लेकीच्या डोक्यात उतरती म्हणतेत. आमाला सून पायजे. भ्याव वाटतंय, खरं सांगते."

मला राग पटकन येतो. तेव्हाही आला, डोक्यात गेला, जिभेवर आला. पण पोरगी आतून हसत बाहेर येत होती, हातात पानाचं तबक घेऊन. मी जीभ आवरली.

कन्यादानात आईचं काम काय असतं? तांब्यातून पाण्याची बारीक धार धरायची. बाप ओंजळ धरतो, त्याखाली नवरा-नवरीचे हात, आणि आई वरून धार सोडत राहते. भटजींचं म्हणणं संपेपर्यंत. पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं झाली की लेक परक्याची होते, म्हणून ती धार आईचीच असावी लागते. आक्काची एकच लेक. तिच्यानंतर मूल झालं नाही.

मी आक्काला सांगितलं तेव्हा ती कोकरांना पाणी दाखवत होती. ती म्हणाली, "बरं." आक्का 'बरं' म्हणाली की समजावं, काहीच बरं नाही. मोठे दीर भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "चालतंय की. पोरीचं भलं झालं म्हंजी झालं." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून मेंढरांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली कापड कापायची मोठी कात्री पिशवीत घालून वस्तीवर गेले. मला माझ्या म्हणण्याची खात्री होती. केसांचा गुंता आहे तो, कापला की मोकळी. तालुक्याला अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या बायका येऊन जट कापून देतात, हात धरून समजावतात, तेही मला माहीत होतं. आक्काच्या पुढ्यात मी कात्री ठेवली.

"कात्री ठिव पिशवीत," ती म्हणाली.

"आक्का, भिऊ नगंस. काही होत न्हाई."

"भ्यायची गोष्ट न्हाई." तिनं कात्री स्वतःच उचलून माझ्या पिशवीत टाकली. "आत्याबाई समद्यांपुढं मला 'अहो' म्हणतेत. जट काढली की परत 'अगं ए'. ही जट व्हायच्या आधी मी या घरात कशी होते, तुला ठाव न्हाई. तू आलीस तवा मी तापातच होते."

पिशवी उचलून मी परत आले. तीन-चार दिवसांनी आक्का दुकानात उभी. डोक्यावर मेंदीच्या पाल्याचं पोतं. ते तिनं खाली टाकलं आणि मशीनवर बसलेल्या मला म्हणाली, "मला लाव."

"काय?"

"मेंदी. जटेला."

मी सुई वर करून तिच्याकडे बघत राहिले. ती बाकड्यावर बसली आणि शांतपणे सांगायला लागली. तिनं सगळा विचार केला होता. पांढरी, पिवळी, मळकी जट बघून माणसांना भीती वाटते. रंगली, स्वच्छ झाली, तर केसांसारखी दिसेल. इनबाईला एकदा ते केस दिसले की तिची भीती जाईल आणि ती म्हणेल, बसा तुम्हीच. राहिली देवी. तर मेंदी सवाष्णीची असते, ती देवीलाही वाहतात, मग जटेला का चालणार नाही?

"कात्री लावायची न्हाई म्हणलंय. रंग लावायचा न्हाई असं कुणी म्हणलंय का?" ती म्हणाली.

वकिलानं बीडच्या कोर्टात असा मुद्दा काढला नसता. मी कढई काढली.

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेले. सासूबाई लग्नाचं निमंत्रण द्यायला माहेरच्या गावी गेल्या होत्या, तो दिवस आक्कानं मुद्दाम धरला होता. आधी रिठ्याच्या पाण्यानं जट धुवायला घेतली, कारण तेलकट केसावर मेंदी चढत नाही. पहिलं पाणी काळं आलं. दुसरं मातकट. मग पिवळं यायला लागलं आणि ते थांबेना. इतक्या वर्षांची हळद आतपर्यंत मुरलेली. मी अजून रिठे घ्यायला हात घातला तर आक्कानं माझं मनगट धरलं.

"बास. तेल गेलं ना? देवीची हळद धुवायची न्हाई."

"आक्का, हळदीवर मेंदी लावली तर रंग काय येईल, मला सांगता यायचं न्हाई."

"यील तो यील."

गल्लीतल्या कुठल्याही बाईचं मी ऐकलं नसतं. आक्काचं ऐकलं.

नेहमीच्या डोक्याला मी मेंदी पिठल्याइतकी दाट लावते. जटेला ती भिंतीला गिलावा दिल्यासारखी नुसती वरच बसली असती. म्हणून ताकासारखी पातळ केली आणि तांब्यानं जटेवर ओतत, पिळत, परत ओतत राहिले. जट प्यायला लागली. कढई संपली, तरी मधला भाग कोरडाच. परत भिजवायला वेळ नव्हता, म्हणून खाली परातीत निथळलेलं पाणीच उचलून परत ओतलं. माझे हात कोपरापर्यंत रंगले. ओली जट इतकी जड झाली की आक्काची मान मागे ओढली गेली. मग सरकीचं पोतं तिच्या पाठीमागे लावलं, जट त्यावर ठेवली, वरून एरंडाची पानं आणि जुनं लुगडं गुंडाळलं. एक शेळी एरंडाकडे बघत सारखी जवळ येत होती. मी तिला हाकलत राहिले आणि आक्का उन्हात डोळे मिटून बसली.

"मान दुखायली का?" मी विचारलं.

"रोजच दुखती. आज रंगाची दुखायली."

मग ती बोलत राहिली, डोळे मिटूनच. म्हणाली, पोरगी लहान असताना झोपायची ती जट मुठीत धरून. जट सोडवली की जागी व्हायची. मेंढरामागं जाताना आक्का तिला पाठीशी बांधायची तेव्हाही तिच्या मुठीत जटच. "तिला कधी भ्याव न्हाई वाटलं," आक्का म्हणाली. मला गलबलून आलं, आणि तिला दिसू नये म्हणून मी शेळीवर ओरडले.

संध्याकाळी जट धुतली. पाणी सरलं, उन्हं उतरली होती, रंग नीट कळेना. आतून ओलीच होती. ती वाळायला पुढे बरेच दिवस लागले आणि तोवर हिरवा भुगा गळत राहिला, उशीवर, पदरात, एकदा तर भाकरीच्या पिठात. पण रंग दुसऱ्या सकाळीच दिसला. मी तो बघायला मुद्दाम लवकर गेले.

शेंदूर. दुसरा शब्द नाही. पांढरे केस, त्यावर मुरलेली हळद, त्यावर माझी ताजी मेंदी. टाळूपासून खांद्यापर्यंत जट लखलखीत शेंदरी झाली होती आणि खाली शेंड्याकडे पहिल्यासारखीच काळी. मी आयुष्यात इतकी डोकी रंगवली, हा रंग कधी निघाला नव्हता. आक्कानं स्टीलच्या ताटलीत तोंड बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "नटवी दिसायले," म्हणाली. पण खूश होती. मीही खूश होते. केसच दिसत होते ते, उठून दिसणारे, कुणीतरी जीव लावून रंगवलेले केस.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरची बाई पाण्याला आली. तिनं आक्काकडे बघितलं, घागर खाली ठेवली आणि हात जोडले.

"देवीनं शेंदूर घेतला," ती म्हणाली.

"मेंदी हाय," मी म्हटलं. "काल म्या लावली. हे बघ माझे हात."

तिनं माझ्या हातांकडे बघितलंही नाही. घागर तिथंच टाकून ती पळाली. आपल्या भागात दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या कढईतून देव निघेल असं मला वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत वस्तीवर बायकांची रीघ. नारळ, खण, ओटी. मी घसा फोडून सांगत होते, मेंदी आहे, बांधावरची मेंदी आहे. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "व्हय गं बाई, मेंदीच हाय. पर तुला बुद्धी कुणी दिली? तिनंच दिली ना?" सासूबाई माहेराहून आल्या त्या अंगणातच लोटांगण घालायच्या बेतात होत्या, मोठ्या दिरांनी धरलं.

या सगळ्यात आक्का नारळ घेत होती, ओटी घेत होती, कुणाला हो म्हणत नव्हती, की नाही म्हणत नव्हती. मला तिचा संताप आला. बाया गेल्यावर मी तिला धरलं.

"तू सांग की त्यांला. माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील."

"सांगितलं म्हंजी काय व्हईल?"

"खरं काय ते कळंल."

"आन शुक्रवारी शेण कोण काढील? तू यीशील?" आक्कानं नारळ एका बाजूला लावले. "मेंदी हाय म्हणलं की लोक म्हणतील, मंग आधीचंबी खोटंच आसंल. समदंच जाईल. तुझं काय जाईना."

तिचं बरोबर होतं, माझं काहीच जाणार नव्हतं. पण माझा राग काही गेला नाही. तसाच घेऊन मी घरी आले.

बातमी बीडला पोहोचायला वेळ लागला नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलाची आई गाडी करून आली. या वेळी तिच्या हातात साडी-चोळी, नारळ. आक्काला पाटावर बसवून तिनं ओटी भरली, पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, जमलं! भीती गेली. बाई आता म्हणणार, धार तुम्हीच धरा.

ती म्हणाली, "इनबाई, आमच्याकडून चूक झाली. आता लग्नात तुमचा मान मोठा. मांडवात उंच खुर्ची ठिवू, फुलं लावू. तुमी वर बसायचं. खाली पाटावर बसून पाणी सोडायचं हे देवीनं कशाला करावं? ते कन्यादानाचं चुलत्या-चुलतीचं ठरलंय, तसंच राहू दे."

आक्काचा चेहरा मी तेव्हा बघितला. ती भीतीनं लांब ठेवली गेली होती तेव्हा 'बरं' म्हणाली होती. आता पाया पडून लांब ठेवली जात होती, तर तिला 'बरं'ही म्हणता येईना.

लग्न वस्तीवरच, घरापुढच्या मांडवात. कापसाची बोंडं वेचून झाली होती, रान मोकळं होतं, माणसं पुष्कळ आलेली. उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून तेलगावची माणसं आणली. अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या; कन्यादान आमच्याकडे त्यानंतरच. मांडवाच्या एका टोकाला झेंडूच्या माळा लावलेली खुर्ची, तीवर आक्का, डोक्यावरचा पदर मुद्दाम मागे घेतलेला, जट पुढे काढून छातीवर ठेवलेली. ती तशी सासूबाईंनी ठेवली होती. रंग आता जरा मुरून तांबूस झाला होता, पण शेंदरी झाक होतीच. बाया नारळ तिच्या ओटीत टाकत होत्या आणि पंगतीला जात होत्या. दुसऱ्या टोकाला लेक पाटावर, आईकडे पाठ करून. तिथून आक्काला लेकीचा अंबाडा तेवढा दिसत असेल.

भटजींनी हाक दिली, "कन्यादानाला बसा." मी आणि माझा नवरा जाऊन बसलो. नवऱ्यानं ओंजळ धरली. भटजींनी तांब्या माझ्या हातात दिला. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. तिचे हात मेंदीनं भरलेले, माझ्याच कढईतल्या. मला तांब्या धरवेना. तरी मी तो तिरपा करायला घेतला, कारण भटजी थांबत नाहीत.

मागे काहीतरी गडगडलं. नारळ होते. आक्का खुर्चीवरून उठली होती आणि ओटीतले नारळ मांडवभर पळत होते. ती सरळ चालत आली, पंगतीतल्या माणसांनी घास हातात धरून बघितलं, आणि ती मुलाच्या आईपुढे उभी राहिली.

"इनबाई, ही देवी न्हाई. मेंदी हाय. माझ्या बांधावरची. हिनं लावली." तिनं माझ्याकडे बोट केलं.

मुलाची आई घाबरली. "आसं बोलू नये, इनबाई. कोप व्हईल."

"कोप व्हायचा त माझ्यावर व्हईल. वास घ्या." आक्कानं जट उचलून तिच्या नाकापाशी धरली.

मागून सासूबाई ओरडल्या, "अगं ए, काय बोलायलीस!" 'अहो' गेलं ते तिथंच गेलं. आक्कानं मागे वळून बघितलं नाही.

बाईनं वास घेतला. जटेतली मेंदी अजून पूर्ण वाळलेली नव्हती, वास दांडगा होता. "मेंदीच हाय की," ती पुटपुटली. आणि मग तिला आपली भीती परत आठवली. "पर जट त जटच हाय ना, इनबाई."

"हाय," आक्का म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडवात भांड्याचाही आवाज नव्हता. "ही पोरगी झाली तवा मी तापात पडले. लेकरू पदराखाली धरून पडले होते, इंचरायचं राहिलं. तवाची ही जट. पोरीसंगट आलेली. पोरगी घरात न्यायला तुमी भीत न्हाईत. मंग हिला कावून भेता?"

आक्का उत्तरासाठी थांबली नाही. तिनं मोठ्या दिरांना दंडाला धरून आणलं. माझा नवरा वहिनीला वचकून असतो, तो ओंजळ सोडून आधीच उठला होता. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "लेक माझी हाय."

आयुष्यात मला कुणी असं उठवलेलं मी खपवून घेतलेलं नाही. त्या दिवशी मी इतक्या आनंदानं उठले की पाटाला ठेच लागली. तांब्या मी तिच्या हातात दिला. मुलाची आई दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि मग तिनं वाकून आक्काचा पाट सरळ करून दिला. भटजींनी म्हणायला परत पहिल्यापासून सुरुवात केली. आक्का खाली बसली, जट मांडीवर घेतली, आणि तिनं तांब्या तिरपा केला. पोरीच्या हातांवर पाणी पडलं ते तिच्या आईच्या हातचं पडलं.